उत्तमरावांचा शब्द

"तो आवाज माह्या बाबांचा नाई," निवृत्तीकाकांच्या ओट्यावर पाय ठेवतानाच पंचफुला म्हणाली. खांद्यावरची पुण्याची बॅगही तिनं उतरवली नव्हती.

निवृत्तीकाका कपाशीची बोंडं फोडून सुपात टाकत होते. बोंडाबोंडात गुलाबी अळी. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग सारं गाव बहिरं हाय काय?"

वडनेर भोलजीत दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसं उत्तमरावांच्या दारी येऊन विचारायची, अवंदा काय पेरू? ते सांगत, गाव पेरत असे. यंदा आखाजीला ते नात्यातल्या लग्नासाठी मेहकरला होते, आणि नेमकी तेव्हाच बियाण्याच्या कंपनीची जीप गावात फिरली. भोंग्यातून उत्तमराव बोलले. लोकांनी पिशव्या उचलल्या. परतल्यावर उत्तमराव जीव तोडून सांगत राहिले, मी कोणत्याही जीपवाल्याशी बोललो नाही. ऐकतो कोण?

"अन् त्याच्या सोताच्या वावरात थे बियानं हाय काय?" निवृत्तीकाका आता तडकले. "आमाले पेराले लावलं, सोता नाई पेरलं! विकला गेला तुहा बाप."

पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला खोटा सल्ला दिला नाही, तो चार महिने पारावर फिरकला नव्हता. आई, रुखमाबाई, फोनवर नुसती रडायची.

"कंपनीनं कोनी नकल्या गाठला असन. मी आवाजाचाच अभ्यास करून राह्यली काका. दोन आवाज मशीनवर लावले की दूध का दूध, पानी का पानी."

"भाषा शिकाले पुन्याले कायले जा लागते?" काका पुटपुटले.

असले टोमणे तिला वर्गातही ऐकावे लागले होते, वेगळ्या तोंडांनी. ती 'येऊन राह्यली' म्हणाली की पुण्याची पोरं फिदीफिदी हसत. भाषाविज्ञानाच्या सरांनीच त्यांना दटावलं, "हसता काय? बोली अशी असते!" त्या दिवसापासून सर तिला देवासारखे. गेल्या दिवाळीत त्यांनी बोलीच्या पाहणीसाठी दोनशे वाक्यांची यादी दिली. घरातली, सणावाराची, शेतीची. ती छापील वाक्य वाचायची, बाबा ते आपल्या बोलीत म्हणायचे, ती ते मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि म्हणायची, "हां बाबा, पुढचं." उत्तमराव नवी टोपी घालून दोन संध्याकाळी बसले होते. गाय हरवली, जावई आला, पाणी आण. "असं सोपं शिक्षन असते व्हय?" म्हणून रुखमाबाई हसून हसून बेजार झाली होती.

ते रेकॉर्डिंग ऐकून सरांनी पाहणीत तिचं काम पहिलं ठरवलं. बाबांचा आवाज सरांना फार आवडला होता.

"जीपवरचं बोलनं कोनाजवळ हाय?" पंचफुलानं विचारलं.

"कंपनीनं मोबाइलवरई धाडलं होतं. हे पाय." काकांनी मोबाइल पुढे केला. "पन पोरी, आवाज त्याचाच निंगाला त?"

"त मी उत्तमरावाची पोरगी नाई. एकटी आयकत नाई, आज पारावर साऱ्याइसमोर मोठ्यानं वाजवतो; नकल तुमालेच समजन. अन् तुमी साऱ्यांनी बाबांची माफी मांगा लागन."

संध्याकाळी पार भरला. बाया देवळाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. पंचफुला बापाला हाताला धरून घेऊन आली. चार महिन्यांनी बाहेर पडायचं, म्हणून उत्तमरावांनी तीच नवी टोपी घातली होती. कुणी त्यांना बस म्हटलं नाही. लोकांची ही तऱ्हा पाहून ती आणखी पेटली.

"नीट कान देऊन आयका," ती ठणकावून म्हणाली. तिनं काकांचा मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला, आवाज पुरता वाढवला.

"हे बियानं म्या सोता पेरलं."

उत्तमरावांनी चमकून स्पीकरकडे पाहिलं. निवृत्तीकाकांनी पंचफुलाकडे पाहिलं.

"याले अळी लागत नाई."

"थांबा, पुरं होऊ द्या," पंचफुला कुजबुजणाऱ्या लोकांना म्हणाली.

"डोये झाकून घ्या."

वाक्य संपलं. कापायचं राहून गेलेलं एक टोक मागे उरलं होतं. भोंग्याच्या खरखरीत, मोबाइलच्या बारीक आवाजात ते कुणाला कधी ऐकू आलं नव्हतं. स्पीकरवर साऱ्या पाराला स्वच्छ ऐकू आलं.

"हां बाबा, पुढचं."