झेंड्याची तारीख

“स्कॉटलंडच्या संघात घेतलं? बरं झालं,” वॉटकाका म्हणाले आणि सॉसेज कापत राहिले.

स्ट्रुअन दुकानात अवघडून उभा होता. एकवीस वर्षांचा, एकशे पाच किलोचा गडी. एडिंबराच्या व्यावसायिक क्लबकडून रग्बी खेळताना समोरच्या आठ जणांच्या रेट्यालाही तो हटत नसे. पण गावच्या या खाटकापुढे त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. वॉटकाका झेंडा समितीचे अध्यक्ष होते, आणि यंदा ब्लेनहोपचा झेंडा घेऊन घोड्यावरून गावाच्या शिवेची फेरी करायचा मान स्ट्रुअनला मिळाला होता. तो मान जन्मात एकदाच विचारतात. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा कधीच विचारत नाहीत.

“झेंडा शुक्रवारी,” स्ट्रुअन चाचरत म्हणाला, “आणि संघाचं विमान बुधवारी संध्याकाळी. दोन दिवस अलीकडे नाही का घेता येणार?”

सुरी थांबली. रांगेतल्या बायकाही वळून बघू लागल्या.

“पाचशे वर्षांत तारीख हललेली नाही. प्लेग आला तेव्हा नाही. महायुद्धात घोडे सैन्यात गेले, तेव्हा म्हातारे पायी फिरले, पण शुक्रवारीच फिरले. आता तुझ्या विमानासाठी हलवू? अरे, स्कॉटलंडला दर सामन्याला पंधरा जण लागतात. झेंड्याला वर्षातून एक!”

“मग काका, मी... मी विमानच धरतो.”

“धर की. कोणी अडवलंय?”

त्या दिवसापासून गावाने अबोला धरला. स्ट्रुअन बेकरीत शिरला की आतल्या गप्पा बंद पडत. गावच्या क्लबच्या मैदानावर चेंडू फेकायचा सराव करायला गेला, तर कुंपणाशी उभी असलेली मंडळी पांगत. आईसुद्धा जेवताना हो-नाहीच्या पुढे जाईना. लहानपणापासून त्याने दोनच गोष्टी मागितल्या होत्या, स्कॉटलंडची निळी जर्सी आणि गावचा झेंडा. त्यातली एक हाती आली होती, आणि तिचा आनंद करायलाही कोणी सोबत नव्हतं. याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

बुधवारी सकाळी नऊच्या बसवर त्याला सोडायला काळं कुत्रंही आलं नाही. “मला कामं पडलीत,” म्हणत आईने दारातूनच हात हलवला. बाजारपेठेतली सगळी दुकानं बंद होती. आपलं तोंड बघायला नको म्हणून लोकांनी दारं लावून घेतली, असंच त्याला वाटलं. बॅग मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला आणि गावाकडे पाठ केली.

बस टेकडी चढली आणि माथ्यावर थांबली. ड्रायव्हर इनाने इंजिन बंद केलं.

“उतर.”

“का? काय झालं?”

“रस्ता बंद आहे. स्वतःच बघ.”

तो उतरला. रस्ताभर घोडेच घोडे होते. बेकरीवाली, पोस्टमन, शाळेचे मास्तर, झाडून सगळं गाव खोगिरावर. मधल्या वाटेने बसच्या आधी पोचलेली आई डॉक्टरांच्या घोडीवर, रडतही होती आणि हसतही. सगळ्यांत पुढे ठेवणीतला हिरवा कोट घालून वॉटकाका, हातात झेंडा. त्यांच्या शेजारी एक तांबडा घोडा रिकाम्या खोगिराने उभा होता.

“तोंड उघडलं असतं तर माझ्या पोटात राहिलं नसतं रे,” आई म्हणाली.

स्ट्रुअनने बाहीने डोळे पुसले.

“दोनपर्यंत फेरी उरकते,” वॉटकाका म्हणाले. “मग मटणाच्या गाडीतून तुला विमानतळावर सोडतो. थोडा वास येईल, सांभाळून घे.”

“पण काका, तारीख? आज तर बुधवार!”

वॉटकाकांनी झेंडा त्याच्या हातात दिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“एडिंबरात असेल. ब्लेनहोपमध्ये आज शुक्रवार आहे. चढ घोड्यावर.”