सारे तिकडेच

मोबाइलच्या पडद्यावर गोपाल एकटाच दिसत होता. उकंडराव शेताच्या धुऱ्यावर बसून आपल्या पोराकडे पाहत होते आणि मागे कपाशीच्या पऱ्हाटीत पुष्पाबाई दहीभाताचं ताट घेऊन उभ्या होत्या. कापसाच्या पहिल्या वेचणीचा दिवस, म्हणजे सीतादही. पूजा झाल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही.

कोरोनामुळे यंदा गावी, उंद्रीला कोणी येणार नव्हतं, म्हणून पूजा मोबाइलवर दाखवायची ठरली होती. तीही गोपालच्याच ॲपवर. पुण्यात तो ज्या कंपनीत होता तिनं ते काढलं होतं. व्हिडिओ कॉलचं, मराठीतलं, शेतात रेंज अर्धीमुर्धी असली तरी चालणारं. पण माणसं काही येईनात. आज किती जण जोडले जातात ते पाहून ॲप ठेवायचं की बंद करायचं, हे कंपनीचा मालक ठरवणार होता. गावाचं माझ्याकडे लागलं, असं उकंडरावांनी पोराला छातीठोकपणे सांगितलं होतं. मग ते घरोघर फिरले, लोकांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून घेतलं, चहा प्याले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आज एकही फिरकला नाही.

शेजारच्या वावरातून कचरू आला, तेव्हा उकंडरावांनी त्याला जरा घुश्शातच विचारलं. कचरूनंही आडपडदा ठेवला नाही.

"भाऊ, तुमच्या गोपालचं चांगलंच हाय. पन माही पोरगी त्या दुसऱ्या ॲपवर, तिच्या सासरचे त्याच्यावर, नातवाची शाळाबी त्याच्यावरच. मी एकटा इकडे येऊन कोनासंग बोलू?"

उकंडरावांना आपलीच पेरणी आठवली. बीटीचं बियाणं आणताना वाण कसा आहे, हे त्यांनी तरी दुकानदाराला कधी विचारलं होतं? कचरूनं कोणती पिशवी नेली तेवढं विचारायचं आणि तीच मागायची. सारं शिवार असंच पेरलं जायचं आणि बोंडअळी आली की सगळ्यांचंच एकदम जायचं.

ऊन चढत होतं. वेचायला आलेल्या बाया खोळंबल्या होत्या. पुष्पाबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, की लेक सुचिता जळगाव जामोदहून केव्हाची त्या दुसऱ्या ॲपवर येऊन बसली आहे, सुलतानपूरची आत्याही, सगळे आपलीच वाट पाहताहेत. मोबाइल तर घरात एकच. उकंडराव जागचे हलले नाहीत. शेवटी पडद्यातून गोपालच बोलला.

"जा बाबा. आईले खोळंबवू नका."

"आन् तू बे?"

"मीबी तिकडेच येतो."

उकंडरावांनी लाल बटण दाबलं. पोराला दिलेला शब्द आपण आपल्याच बोटानं मोडला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसरं ॲप उघडताच एकच गलका झाला. आत्या, सुचिता, तिची सासू, कुठकुठचे पाहुणे; चौकटी पडद्यात मावेनात. पुष्पाबाईंनी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, तसे सगळ्यांनी हात जोडले. अगदी खालच्या कोपऱ्यात गोपालही हात जोडून होता.

"पाह्य गोपाल," पुष्पाबाई हरखून म्हणाल्या, "सारे एका जागी आले म्हंजे कसं बरं वाटते."

"हाव आई," गोपाल म्हणाला. "बरं वाटते."