बोटभर तूप

पोराला तापीवर न्यायची तयारी झाली तेव्हा त्याचा काका रतिलाल आत आला आणि वहिनीकडे चितेसाठी तूप मागू लागला. तिने शिंक्यातलं गाडगं काढलं, पण ते छातीशी धरून ती तिथेच उभी राहिली. "तेले तूप चालत नही, डॉक्टरनी सांगेल शे!" बारा वर्षांच्या पोराच्या कोपरांवर पिवळ्या गाठी आल्या, धावताना छातीत कळ येऊ लागली, म्हणून एकसष्टच्या दिवाळीत त्याला मुंबईला नेलं होतं. रक्तात चरबी साचलीय, तूप बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून "माय, बोटभर दे ना व" ऐकलं की ती पाठ फिरवायची. नवरा दारातून हळूच म्हणाला, "दी टाक. आते तेले काहीच व्हत नही." तिने गाडगं दिलं आणि उंबऱ्यापर्यंत मागोमाग आली. "धीरे धीरे टाकजा भाऊ. तेनी वरीसभर चाखेल नही."