बावन्नाव्या दिवशी

“एक मिनिट हं,” तो म्हणाला होता. फोनवर. त्याचं ते शेवटचं बोलणं. चौदा महिने झाले, पण जुन्या गाड्या खोलायच्या शेडमधली हातोडी जरा थांबली की ते मिनिट तिच्या कानात पुन्हा सुरू होई. तेव्हापासून तिने फोन कानाला लावला नव्हता. गिऱ्हाइकांना ती लिहून उत्तरं देई. फोनवर बोलायचं काम सासऱ्यांचं, आबांचं.

आत्ता तिच्यासमोर एक टेम्पोवाला उभा होता. पिशवीतून त्याने ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हा घ्या परत. तिने वही उघडली. विकून बावन्न दिवस झाले होते. तिने मागच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथे आबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, जुना माल सात दिवसांच्या आत परत, नंतर नाही. कुणी वर तोंड करून विचारलंच, तर आबा सांगत, जावई आणि जुना माल आठव्या दिवशी परत घेत नसतात. एकदा एक जण आठव्या दिवशी उजाडताच हेडलाइट घेऊन दारात आला. आबांनी त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, पोराबाळांची चौकशी केली आणि हेडलाइटसकट वाटेला लावलं.

हा सिलिंडर तिच्या नवऱ्याच्या गाडीचा होता. उतारावरच्या वळणाला गाडी थांबली नाही. माणूस गेला, गाडी उरली. मग तीही गेली, आज दार, उद्या आरसा, परवा चाक. आबा मूळचे मेकॅनिक. लेकाची गाडी त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलली आणि खोलता खोलता सुनेला शिकवली. कुठल्या बोल्टला कुठला पाना. परत आलेला माल गिऱ्हाइकासमोरच उघडून बघायचा. नवं रबर ताठ असतं, जुनं फुगतं आणि बोटाला काळं लावतं.

हा एक सिलिंडर तेवढा त्यांनी गोणपाटात गुंडाळून बाकाखाली सरकवला होता. ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा झाडताना तो तिच्या हाती लागला. विसरले असतील, म्हणून तिने फोटो काढून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळच्या आत विकलाही. ते परत आल्यावर तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. आबा शाबास म्हणाले नाहीत. कुणाला विकला, तेवढं विचारलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिला वाटलं, डोळ्याचं दुखणं असेल.

अपघातानंतर येईल त्या प्रत्येकाला आबांनी एकच सांगितलं होतं. गाडीत काडीची खोट नव्हती, आदल्याच दिवशी मी ब्रेकच्या सिलिंडरला नवी रबरं घातली होती. गाडीत खोट नाही म्हटल्यावर उरला फोन. तो तिचा. तोही कशासाठी, तर येताना दूध आण, एवढं सांगायला. सासूबाई एकदाच म्हणाल्या, तेवढा फोन केला नसतास तर. पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. काही बिया एकदाच पेराव्या लागतात.

तिने सिलिंडर टेम्पोवाल्याकडे परत सरकवला. नियम आमचा नाही दादा, आबांचा आहे, असं काहीसं ती म्हणाली. टेम्पोवाला वैतागला.

“ताई, मी कुठे परत करतोय? तुमचे आबाच दीड महिना माझं डोकं खातायत. रोज फोन. बसवू नको, हात जोडतो, परत आण. मी बाहेरगावी होतो म्हणून राहिलं, नाहीतर केव्हाच बसवून मोकळा झालो असतो.”

तिला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या आबांबद्दल बोलतोय. हेडलाइटवाल्याला हाकलणारे आबा, आणि हात जोडतायत? तिने सिलिंडर परत स्वतःकडे ओढला. मग तिच्या हातांनी शिकवलेलं काम सुरू केलं. पक्कड घेतली. टोकाची कडी काढली.

आतल्या दारातून आबा आले. एकाच पायात चप्पल होती.

राहू दे ते, मी बघतो, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. पण तोवर आतला दांडा तिच्या तळहातावर आला होता, आणि दांड्यावरचं रबर तिच्या समोर होतं. फुगलेलं. कडेला नखाएवढी चीर. तिने बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. एका दिवसात काय, वर्षभर पडून राहूनही रबर असं होत नाही. चार-पाच वर्षं लागतात. हे तिला आबांनीच शिकवलं होतं.

टेम्पोवाल्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. मग पिशवी घडी करून तो हळूच बाहेर पडला. पैसे मागायलाही थांबला नाही. रस्त्यावर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला.

“आबा, हे नवं?” तिने विचारलं.

आबा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. त्यांची नजर तिच्या काळ्या झालेल्या बोटावर होती.

“नवं मिळालंच नाही गं त्या दिवशी,” ते म्हणाले. “जुनंच धुऊन बसवलं मी. आणि सगळ्यांपुढे केला तो तुझा फोन.”