सत्तावीस नंबरचा बिल्ला

कारभारीने पहिली लाथ घातली ती उत्तमरावाच्या पोटात. दुसरी तोंडावर. दोन दात सरकीच्या ढिगात पडले.

"मोटार कोनं चालू केली बे? बोल!"

"लेकराची आन, मी हात नाही लावला," उत्तमराव रक्त थुंकत म्हणाला.

नांदुऱ्याच्या त्या कापसाच्या जिनात उत्तमराव मुकादम होता, कारभारी हमाल. कोणाला त्याची दया यावी असं त्याने काही केलंच नव्हतं. कालच हजेरीवरून त्याने कारभारीच्या बायकोच्या, कोकिळाच्या, सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. "पुन्हा हजेरीचा हुक रिकामा दिसला तं यंत्रात घालीन तुले," असं म्हणाला होता. आणि आज कोकिळा यंत्रात हात घालून अडकलेला कापूस उपसत असताना मोटार सुरू झाली. उजवा हात कोपरापासून गेला. तिला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

भिंतीवरची हजेरीची फळी वायरमन शेषरावाने बनवली होती. शेठला विजेचं बिल कमी हवं होतं. प्रत्येक बाईला पितळी बिल्ला, प्रत्येकीचा हुक. बिल्ला अडकवला की तिच्या यंत्राची मोटार अन् वरचा दिवा चालू, काढला की बंद. बाराच्या भोंग्याला मुकादम फळी पाहायचा. हुक रिकामा दिसला की अर्धी हजेरी कापली! मग काय, लोक एकमेकांचे बिल्ले अडकवू लागले. रिकामी यंत्रं घरघरायची अन् शेठ बिल पाहून कपाळ बडवायचा.

सफाई करताना मात्र बिल्ला काढून पदराला बांधायचा, हा नियम बाया पाळत. जिवाशी खेळ कोण करील?

तरी आज भोंगा झाला तेव्हा सत्तावीस नंबरचा बिल्ला, कोकिळाचा, हुकावर लटकत होता. प्रत्येक बिल्ल्याचा जोड, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला, मुकादमाच्या पेटीत कुलपात असे. कोकिळाचा तर तिच्या पदरालाच असणार. मग त्यानेच लावला, दुसरं कोण लावणार?

"माही पेटी पाहा!" उत्तमराव ओरडला. "सत्तावीसचा जोड पेटीतच..."

कारभारीने पहार उचलली अन् त्याच्या तोंडावरच हाणली. पुढचे शब्द फुटलेच नाहीत.

"थांब बे कारभारी, पेटी तं पाहू दे!" शेषराव मध्ये पडला. त्याच्याही डोक्यात एक बसली. कारभारी रडत होता अन् मारत होता. उत्तमरावाची हालचाल थांबली तेव्हाच त्याने पहार टाकली. कोणी अडवलं नाही. ज्याच्या बायकोचा हात गेला, त्याला काय सांगायचं?

हवालदाराने त्याला धरलं, पण माणूसच तो, आधी दवाखान्यात बायकोपाशी घेऊन गेला.

"बोलली का काही?" कारभारीने नर्सला विचारलं.

"अजून शुद्ध नाही."

घटकाभराने पुन्हा, "बोलली का?" मग पुन्हा. नर्सलाही भरून आलं. एवढा जीव लावणारा नवरा किती जणींना मिळतो!

दिवस कलताना शेषराव आला. डोक्याला फडकं बांधलेलं.

"उत्तमराव गेला," तो म्हणाला. मग त्याने मूठ उघडली. तळहातावर सत्तावीस नंबरचा बिल्ला होता. "कुलूप तोडून काढला. पेटीतच होता, कारभारी. मंग हुकावरचा कोनापाशी होता?"

कारभारी खाटेकडे सरकला. हवालदार खुर्ची पुढे ओढून बसला.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. कोकिळाने डोळे उघडले. डाव्या हाताने चाचपडत तिने नवऱ्याची बाही धरली.

"अवो," ती पुटपुटली, "सफाईले लागताना तुमच्यापाशी देल्ला होता तो बिल्ला भोंग्याच्या टायमाले लावला नं? माही हजेरी नाही नं बुडाली?"