काचेतला जिताडा

किशोरीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी टचस्क्रीनवर जिताडा मांडला होता. काचेवरून बोट ओढलं की माशाचं पोट उघडायचं, आणि तो कसा साफ करायचा ते करंजा गावच्या गुणाआत्याचा रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा.

पनवेलच्या कॉलेजात भर दुपारी परीक्षक आले. त्यांनी बोट ओढलं आणि तोंड वाकडं करून खिशातून रुमाल काढला.

"स्क्रीन पुसून तरी ठेवायची!"

त्यांच्या बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं होतं. किशोरीने ओशाळून काच पुसली, तर फडक्यावर नखाएवढे खवले आले. पाठोपाठ सडक्या मासळीचा भपकारा आला.

प्रोजेक्ट बघायला मुद्दाम आलेली आत्या काचेवर वाकली आणि झटकन मागे सरली.

"बंद कर ते, बाय. मासली सडलीय, पन मेली नाय."

"मला पूर्ण चालवून दाखव," परीक्षक नाकाला रुमाल लावून म्हणाले. "नाहीतर मार्क कशाचे देऊ?"

किशोरीने श्वास रोखून बोट ओढलं. काच कोमट होती, मऊ होती. पोट उघडलं, बोट पेरापर्यंत आत गेलं, आणि आतून काहीतरी ते हळूहळू चोखू लागलं.