नाव घेऊन तोडलेलं पान

"आजी, तुमच्या अडुळशात खरंच औषध आहे, की नुसताच पाला?"

विचारलं एकदाचं! कल्पिता आणि सोनल या मैत्रिणींनी पैज लावली होती, आवडाबाईंसमोर समृद्धीची दातखीळ बसणार म्हणून. मोहने गावात अर्धी आळी खोकल्याचा पाला त्यांच्याकडूनच न्यायची. समृद्धीचे बाबासुद्धा, गेले दोन महिने. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "आजीचा अडुळसा आहे ना!"

समृद्धीने शाळेच्या प्रदर्शनासाठी कागदाच्या पिवळ्या पट्ट्या बनवल्या होत्या. वर पानाच्या रसाचा थेंब टाकायचा. पट्टी जितकी लाल, तितकं औषध जास्त.

आवडाबाई चिडल्या नाहीत. "बघ की. पन झाराला सांगल्याबिगर पान तोरायचा नाय. कोनासाठी नेतस, त्याचा नाव घे."

"माझं घे, माझं!" सोनल खिदळली.

समृद्धीने हात जोडून सोनलचं नाव घेतलं, पान चुरडलं. पट्टी लालभडक. कल्पिताचं घेतलं. तीही लाल. "आजी, तुमचं झाड फुल टू पास!"

मग तिने बाबांचं नाव घेतलं. त्याच फांदीचं, लागूनचं पान, जरा ओढूनच निघालं. थेंब पसरला, सुकला. पट्टी पिवळीच.

"पट्टी खराब असेल गं," कल्पिता म्हणाली.

दुसरी पट्टी. पिवळी. मध्ये मुद्दाम सोनलचं नाव घेऊन पाहिलं, लाल. पुन्हा बाबांचं. पिवळी.

आता कुणी हसत नव्हतं.

"आजी, हे काय आहे?"

आवडाबाईंनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मना दोन म्हैने ठाव हाय. त्याचा नाव घेतला का पान देठातून सुटत नाय, खेचून काराया लागतं. सांगला तुझ्या बापाला, दवाखान्यात जा. तर हसला."

समृद्धी धावतच घरी आली. बाबा डोंबिवलीच्या कंपनीतून सुटून नुकतेच टेकले होते. एका हातात काढ्याचा पेला, दुसरा छातीवर. खोकला थांबेपर्यंत ती दारातच उभी राहिली.

"काय शास्त्रज्ञबाई, पहिला नंबर ना उद्या?" त्यांनी विचारलं.

"मी उद्या प्रदर्शनाला जाणार नाही. बाबा, तुम्हीही कामावर जायचं नाही. आपण तिघं कळव्याच्या हॉस्पिटलात जातोय. मी ठरवलंय."

"अगं, पण एवढ्याशा खोकल्याला..." आई म्हणाली.

"जातोय म्हणजे जातोय. फक्त केसपेपर काढताना बाबांचं नाव तू सांग, आई. मी आता त्यांचं नाव घेणार नाही."